लॅमिंग्टन रोडवर आवाजाच्या शोधात

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं, की थोडं चालून लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा, तो क्षणभर विचारात पडेल. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडातून काही गेले नाहीत. दिल्लीकरांना लाजपतराय मार्केट, बेंगळुरूकरांना एस. पी. रोड, चेन्नईकरांना रिची स्ट्रीट, तसा मुंबईकरांना हा रस्ता. वायर, रिमोट, कॅमेरे, अँप्लिफायर, आणि एकाच वेळी दहा दुकानांतून ऐकू येणारी दहा वेगवेगळी गाणी!

आम्ही गेलो होतो स्पीकर घ्यायला. बजेट वीस हजार, त्यावर एक रुपयाही नाही. कारण होती आजी. तिला हल्ली कमी ऐकू येतं. आवाज मोठा केला, की पार्श्वसंगीत अंगावर येतं, शेजारचं बाळ उठतं आणि संवाद मात्र पुटपुटल्यासारखेच राहतात. चपट्या टीव्हीचे छोटे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीकडे जातो, मग आपल्याकडे. गेले काही महिने आजी रात्री सिरीयल लागली, की ‘तुम्ही बघा’ म्हणून आत जाऊन पडायची. हे कोणालाच बरं वाटत नव्हतं.

बाबांच्या मनात मात्र ५.१ होतं. म्हणजे समोर तीन, मागे-बाजूला दोन आणि धमक देणारा एक सबवूफर. त्याला कारण हाच रस्ता. इथल्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं हलला नाही. सत्तर एमएमचा पडदा, स्टिरिओफोनिक आवाज. नाणं उडवलं, की लोक आपल्या खुर्चीखाली वाकून बघायचे, असं बाबा दरवेळी सांगतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या कानात बसलेला तो आवाज घरी आणायचा होता त्यांना.

पहिल्या दुकानात आकडेच आकडे. खोक्यावर हजारो वॅट छापलेले, खाली बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’. हा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा, तोही कंपनीच्या मर्जीने मोजलेला. सलग किती ताकद मिळते ते ‘आरएमएस’ सांगतो, तेवढाच बघावा. दुसरीकडे ‘अॅटमॉस’ लिहिलेला स्वस्त साउंडबार होता. त्यात वर तोंड केलेला एकही स्पीकर नव्हता, छतावरून आवाज येण्याचा नुसता आभास. त्या नावासाठी जादा पैसे का द्यायचे?

तिसऱ्या दुकानातले काका वेगळे निघाले. वस्तू दाखवण्याआधी त्यांनी विचारलं, “हॉल केवढा? सोफा कुठे?”

“दहा बाय चौदा. सोफा मागच्या भिंतीला टेकून,” मी म्हटलं.

“मग मागचे स्पीकर कुठे ठेवणार, शेजाऱ्यांच्या घरात?”

बाबा हसले, पण चेहरा पडला. सराउंडचे स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे हवेत. भिंतीला चिकटून बसलं, तर ते कानाशीच येतात. शिवाय घर भाड्याचं, वायरसाठी भिंत फोडता येत नाही. काकांचं गणित सोपं होतं: वीस हजारांत सहा स्पीकर घेतले, तर सहाही साधेच मिळतील. तेच पैसे तीन-चारांत घातले, तर कान खूश होतील. सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून आजीसाठी ‘मधला’ महत्त्वाचा. त्यांनी ३.१ साउंडबार काढला: डावा, मधला, उजवा आणि वेगळा सबवूफर.

डेमोला त्यांनी मारामारी लावली. दुकानात सगळे तेच लावतात आणि आपण भुलतो. मी मोबाइलवर बातम्या लावायला सांगितल्या, आवाज अगदी कमी ठेवून. मग दुकानाच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. बाहेर हॉर्न वाजत होते, तरी निवेदिकेचा शब्द न् शब्द कळत होता.

टीव्हीला एचडीएमआय ‘एआरसी’ असं लिहिलेलं पोर्ट आहे ना, हे मी घरूनच फोटो काढून आणलं होतं. ते असलं, की एकाच केबलने टीव्हीचा आवाज स्पीकरकडे येतो आणि बहुतेकदा एकच रिमोट पुरतो. आजीच्या दृष्टीने हे फार मोठं काम. घासाघीस करून साडेसोळा हजारांत सौदा झाला. पक्कं बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतला. या रस्त्यावर बिलाशिवाय वस्तू थोडी स्वस्त मिळते, पण बिघडली तर दाद कुठे मागणार? रविवारी इथली बरीच दुकानं बंद असतात, आणि एवढं खोकं संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढत नाही. आठवड्यातली दुपार बरी.

सबवूफर आधी कोपऱ्यात ठेवला, तर नुसता घुमायला लागला. टीव्हीच्या कपाटाशेजारी आणल्यावर आवरला. ‘डायलॉग’ मोड लावला आणि आजीला बोलावलं. पंधरा मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, ही थोरली जाऊ एवढं टोचून बोलते होय? मी समजत होते, गरीब आहे बिचारी.”

उरलेले साडेतीन हजार बाबांनी वेगळ्या पाकिटात ठेवलेत. पाकिटावर लिहिलंय, ‘मागचे दोन’.