गुळवेल बुंध्यात तोडली तरी जगते कशी?

बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल आहे. कोणीतरी औषधाला म्हणून तिचा बुंधाच तोडून नेला. वरची वेल अधांतरी राहिली. म्हटलं, आता वाळणार. पण थोड्याच दिवसांत वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सुटली.

तोडलेली कांडी बघितली. वरचा पापुद्रा कागदासारखा निघतो, खाली हिरवीगार साल. आडवं कापलं की बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. लाकूड सलग नाही, फाकाफाकांचं. म्हणून वेल पिळली तरी मोडत नाही. प्रत्येक फाकेच्या बाहेरच्या टोकाला, सालीलगत रसवाहिनी असते. पानात तयार झालेलं अन्न तिच्यातून खाली उतरतं. फाकांमधल्या मऊ भागात पिष्ट साठतं. गुळवेल सत्व म्हणतात ते हेच. या शिदोरीवर वेल तग धरते अन् मुळं सोडते. मुळं मातीत शिरली की पुन्हा सुरू.

काही जण म्हणतात, ती निंबाचा रस पिते, तोडून टाका. तसं नाही. ती फक्त आधार घेते, मुळं तिची स्वतःची.

न्यायचीच तर वरची कांडी न्या. बुंधा ठेवा, उभ्या वेलीची साल सोलू नका, लोंबती मुळं तोडू नका. पुढच्या वर्षी परत मिळेल.