वरची हवा: काही टिपणे

१. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. जाणकारांच्या मते ते चिनी लाँग मार्च रॉकेटचे. बातमी पडलेल्या तुकड्यांची झाली. वाटेत जळून हवेत मिसळलेल्या धातूची झाली नाही.

२. जळाले म्हणजे गेले नाही. अडीचशे किलोचा उपग्रह जळाला की ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सुमारे ३० किलो अतिसूक्ष्म कण मागे राहतात, असा २०२४ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज. ते ओझोनच्या थरापर्यंत उतरायला काही दशके लागू शकतात.

३. २०२३. अमेरिकेतल्या ‘नोआ’ या हवामान-सागर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अलास्कावर डब्ल्यूबी-५७ विमान स्थितांबरात नेले. आतले उपकरण हवेतला एकेक कण लेसरने फोडून त्यात काय आहे ते टिपत होते. गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्क्यांत जळालेल्या यानांचा धातू निघाला. नायोबियम आणि हाफ्नियमसुद्धा. लिथियम, ॲल्युमिनियम, तांबे, शिसे: या चार धातूंत माणसाचा वाटा उल्काधुळीच्या पुढे गेला आहे.

४. पहिला स्पुटनिक १९५७ चा. उल्का अब्जावधी वर्षांच्या.

५. वर जाणाऱ्या रॉकेटच्या काजळीचा प्रश्न वेगळा. जमिनीलगतची काजळी पाऊस काही दिवसांत धुऊन टाकतो. स्थितांबरात पाऊस नाही. तिथे ती काही वर्षे टिकते, ऊन शोषते, भोवतालची हवा तापवते. केरोसीनवरचे इंजिन नेमकी किती काजळी सोडते, हे जमिनीवरच्या चाचणीतून कळत नाही. खाली धुरातली बरीच काजळी प्राणवायू मिळाल्याने पुन्हा जळते; वर हवा विरळ, म्हणून ती उरते. मोजायचे तर धुरातच शिरायला हवे. १९९० च्या दशकात हेच डब्ल्यूबी-५७ टायटन-४ रॉकेटच्या धुरात शिरले होते. त्या पट्ट्यात ओझोन काही काळ जवळजवळ नाहीसा झालेला आढळला, तो मुख्यतः काजळीमुळे नव्हे. अशी उड्डाणे फार थोडी झाली, आणि हे मला सर्वांत जास्त खटकते.

६. ओझोनचा थर वाचवण्याचा माँट्रियल करार १९८७ चा. त्यात रॉकेटच्या धुरावर बंधन नाही.

७. २१ नोव्हेंबर १९६३, थुंबा. तिथून उडालेल्या पहिल्या रॉकेटने सोडियमची वाफ मुद्दाम वर सोडली. वरचे वारे मोजायचे होते. तो रंगीत ढग केरळातल्या लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसला.

८. १९ फेब्रुवारी २०२५. फाल्कन-९ चा वरचा टप्पा युरोपवर जळाला, तुकडे पोलंडमध्ये पडले. साधारण वीस तासांनी जर्मनीतल्या क्युलुंग्सबोर्नच्या लेसरला ९६ किलोमीटरवर नेहमीच्या दहापट लिथियम दिसले. तिथे उपकरण रोखलेले होते म्हणून.

९. खालच्या कक्षेतला काम संपलेला उपग्रह पाच वर्षांत खाली आणा, असा अमेरिकेचा २०२२ चा नियम. आधी मुभा २५ वर्षांची होती. कक्षेत कचरा साचू नये म्हणून नियम हवाच. पण खाली आणणे म्हणजे बहुतेक वेळा हवेत जाळणे.

१०. क्योतो विद्यापीठाचा लिग्नोसॅट, लाकडी उपग्रह. जळताना ॲल्युमिनियम मागे राहू नये, हा हेतू. डिसेंबर २०२४ मध्ये अंतराळ स्थानकातून सोडला; संपर्क झाला नाही. पुन्हा करून पाहावे.

११. उपग्रहात कोणता धातू किती, हे शास्त्रज्ञांना आज बरेचसे अंदाजाने धरावे लागते. प्रक्षेपणाचा परवाना देतानाच ही यादी मागून जाहीर करावी.