उचलणारा हात पाहून शटर

दुकानाचं बांधकाम लिंटेलपर्यंत आलं की मालक आमच्याकडे येतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, किती गेजचं बसवू?" बालाघाटात शटर बनवताना हा प्रश्न मी रोज ऐकतो. मी त्याला उलट विचारतो, "सकाळी उचलणार कोण?"

चोर येईल की नाही, कोणी सांगावं. उचलणारा मात्र रोज येतो. वीस गेजची पट्टी 0.9 मिमी जाड, अठरा गेजची 1.2 मिमी. म्हणजे वजन सरळ एक तृतीयांशाने वाढतं. वारासिवनीच्या एका साडीच्या दुकानदाराला अठराच गेज हवं होतं. तोंड बारा फुटांचं आणि दुकान उघडायची त्यांची आई. मी त्यांना मधे खांब घेऊन सहा-सहा फुटांची दोन शटरं सुचवली, वीस गेजची, बेअरिंग घालून. गर्दी नसेल तेव्हा काकू आजही एकच उघडतात.

जाड पत्रा घेतला की माल सुरक्षित, हा समज खोल रुजलेला आहे. पण शटर फोडणारा सहसा पत्रा कापत बसत नाही. तो तळपट्टीखाली पहार घालतो, नाहीतर मधली पट्टी वाकवून बाजूच्या चॅनेलबाहेर ओढतो. म्हणून शटरची खरी ताकद कडेला पाहावी. चॅनेल खोल आहे का, पट्ट्या आडव्या सरकू नयेत म्हणून टोकांना क्लिपा रिव्हेट केल्यात का, तळाला भक्कम अँगल आणि दोन्ही बाजूंना कुलूप आहे का, हे तपासा. भारतीय मानक 6248 मध्येही साडेतीन मीटर रुंदीपर्यंत 0.9 मिमीची पट्टी चालते. त्याहून रुंद तोंडाला जाड पट्टी आणि खोल चॅनेल लागतं.

शटरचं वजन पेलते ती वरच्या पाईपावरची स्प्रिंग. तिची परीक्षा सोपी आहे. शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हलका करा. धाडकन खाली आलं तर ताण कमी, आपोआप वर पळालं तर जास्त. जागच्या जागी रेंगाळलं, की समजा कारागिराने मन लावून काम केलंय.

आपला जिल्हा धानाचा. इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राईस मिलच्या गोदामाला ट्रक आत जाईल एवढं तोंड लागतं. उघडी जागा दहा चौरस मीटरच्या वर गेली की हाताने ढकलायचं शटर नकोच, गिअर आणि साखळी घ्या. मोटर बसवली तरी हातसाखळी हवीच, वीज गेली म्हणून भरलेला ट्रक दारात उभा राहू नये. आणि गोदामाच्या चॅनेलमध्ये ग्रीस थापू नका. भुशाची धूळ त्यात चिकटते, घट्ट होते आणि पट्ट्या अडकतात. कोरड्या ब्रशने चॅनेल साफ ठेवलं तरी पुष्कळ.

पावसाचं गणित वेगळं. आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बहुतेक शटरं वरून धडधाकट असतात. सडलेली असते तळपट्टी आणि चॅनेलचा फरशीत गाडलेला पाय. उंबऱ्यावर पाणी साचतं, रंगाखाली गंज धरतो, पापुद्रे सुटतात आणि बोटाने दाबलं तरी लोखंड भुगा होऊन गळतं. यावरचा उपाय गवंड्याच्या हाती आहे: उंबऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार. पट्टी जस्ताचा मुलामा असलेली घ्या, पण उतार नसेल तर तीही फार काळ तग धरणार नाही.

शटर एकदा बसलं की वर्षानुवर्षं बदललं जात नाही. म्हणून ऑर्डर द्यायला एकटे येऊ नका. जो ते रोज उचलणार आहे, मग ती आई असो, मुलगा असो की नोकर, त्याला सोबत आणा. एखादं तयार शटर त्याच्याच हाताने उचलून बघू द्या आणि मगच बयाणा द्या.