भिंतीतला सरकता रॅक

सरकता रॅक म्हणजे ॲम्प्लिफायर, प्लेअर, सेट-टॉप बॉक्स ही उपकरणे एकावर एक धरणारी आणि सगळ्या उपकरणांसकट पुढे ओढता येणारी चौकट. तिची गरज पडते ती मागच्या बाजूमुळे. उपकरणाची बटणे खोलीकडे असतात. एचडीएमआय, स्पीकर, वीज, केबल हे सगळे भिंतीकडच्या अंगाला जोडलेले असते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात किंवा दहीहंडीला ध्वनिक्षेपक लावणारी मंडळी येतात, त्यांचे ॲम्प्लिफायरही रॅकमध्येच असतात. पण त्या पेट्यांची पुढची-मागची दोन्ही झाकणे निघतात आणि पेटीमागे माणूस उभा राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत ती सोय नाही. तिथे रॅकलाच पुढे यावे लागते.

इथे वर्णन केलेला रॅक नाक्याजवळच्या एका जुन्या, जाड विटांच्या भिंतींच्या इमारतीत, आमच्या पुढच्या खोलीत बसवला आहे. जागा मिळाली ती दोन खोल्यांमधल्या बंद केलेल्या दरवाजाची. दार काढून पलीकडून प्लायवूड ठोकलेले होते. सागवानी चौकट मात्र भिंतीत तशीच होती. चौकटीच्या आतली रुंदी ३० इंच आणि भिंत दीड विटेची, म्हणजे कोनाड्याची खोली सुमारे १३ इंच. बेताच्या आकाराचा एव्ही रिसीव्हर एवढ्या खोलीत शिरला तरी त्याच्या मागे वायरींना वळायला जागा उरत नाही. त्यामुळे रॅक ज्यात सरकतो ते कपाट भिंतीबाहेर ८ इंच पुढे येणार, हे आधीच मान्य करावे लागले. भिंत फोडून कोनाड्याची खोली वाढवण्याचा सल्ला मिळाला होता, पण भार पेलणाऱ्या भिंतीशी असे खेळ करू नयेत.

रॅकचे माप जगभर एकच आहे. अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९२२च्या सुमारास रूढ झालेली १९ इंची पट्टी आजही चालते. उपकरणाची दर्शनी पट्टी ४८२.६ मिमी रुंद आणि उंची ‘यू’ या एककात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिमी. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये ४५० मिमी मोकळे असतात. घरगुती रिसीव्हर साधारण ४३५ मिमी रुंद असल्याने त्यांना रॅकचे कान नसले तरी ते फळीवर ठेवून या मोकळ्या जागेतून आत जातात. आमच्या रॅकची उंची १६ यू ठेवली. भोके असलेल्या पट्ट्या, केज नट आणि एम-६ स्क्रू ठाण्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळत नाहीत. त्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. बाकी सगळे, म्हणजे प्लाय, चॅनेल, फेव्हिकॉल, स्क्रू, घराजवळ मिळते. नवरात्रात मात्र नाक्याकडे येणारे रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि आठ बाय चारचा प्लाय गर्दीतून डोक्यावर आणता येत नाही, म्हणून तो उत्सवाआधीच घरात आणून ठेवला.

मापांची बेरीज आतून बाहेर करावी लागते. पट्टीसाठी आत ४८५ मिमी, दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लाय, म्हणजे रॅक बाहेरून ५२१. बॉलबेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी लागतात, म्हणून कपाट आतून ५४६.४, आणि त्याच्या स्वतःच्या बाजू धरून बाहेरून सुमारे ५८२, म्हणजे जेमतेम २३ इंच. चौकटीतले उरलेले ७ इंच एकाच बाजूला घेतले आणि तिथे स्विचबोर्ड व जादा वायरींची सोय केली. सुतार मिस्त्री ही सगळी मापे इंच आणि सुतात बोलतो. चॅनेलचे अर्धा इंच म्हणजे बरोबर ४ सूत, त्यामुळे तिथे गोंधळाला वाव नव्हता. गोंधळ होतो तो जाडीत. १८ मिमी म्हणून घेतलेला प्लाय मोजला की अनेकदा साडेसतरा भरतो, आणि त्यावर मायका लावला तर प्रत्येक अंगाला जवळजवळ एक मिमी वाढतो. चॅनेल एवढा फरक सहन करत नाही. जागा कमी पडली तर अडकते आणि जास्त झाली तर गोळ्या खडखडतात. म्हणून कापण्याआधी प्लाय व्हर्नियरने मोजला आणि रॅकच्या बाहेरच्या बाजूंना मायका न लावता नुसते पॉलिश केले. ठाण्याच्या पावसाळ्याचा विचार करून प्लाय बीडब्ल्यूआर प्रतीचा घेतला. त्याहून महाग मरीन प्लाय इथे लागत नाही, दुकानदार कितीही आग्रह करो.

बाजारातल्या १८ इंची चॅनेलच्या जोडीवर साधारण ४५ किलोची क्षमता लिहिलेली असते. रॅकचे लाकूड १८ किलोच्या आसपास आणि उपकरणे २५ किलोच्या पुढे, म्हणजे एकच जोडी लावली तर ती पहिल्या दिवसापासून मर्यादेवर. म्हणून दोन जोड्या लावल्या. खालची भार घेते, वरची मुख्यतः रॅकला डोलू देत नाही. चारही चॅनेल एकमेकांना समांतर बसवणे हे या कामातले सर्वांत जिकिरीचे सुतारकाम. गुण्या लावून रेघा आखायच्या, आधी लांबट भोकांतूनच स्क्रू मारायचे, रॅक आत-बाहेर सरकवून पाहायचा आणि मगच गोल भोकांतले स्क्रू कायमचे आवळायचे. चॅनेल आडवे, फळीखाली झोपवून लावले तर त्यांची ताकद फारच कमी होते. जागा वाचवण्यासाठी हा मोह होतो, तो टाळावा.

रॅक पूर्ण ओढला की त्याचा गुरुत्वमध्य कपाटाच्या तोंडापुढे २२५ मिमी येतो. मागे उरलेल्या रिकाम्या कपाटाचे वजन २५ किलोच धरले, तर पुढच्या ४५ किलोंना ते तोलू शकत नाही आणि सगळे अंगावर येते. कपाट भिंतीला बांधणे त्यामुळे अटळ. जुन्या भिंतीत विटांमधल्या चुन्याच्या दरजेत प्लग धरत नाही. भोक विटेतच पडायला हवे. इथे दरवाजाची सागवानी चौकट कामी आली. कपाटाची एक बाजू थेट तिला आणि दुसरी लाकडी गुटके घालून आवळली. सागात गेलेला स्क्रू ज्या तऱ्हेने धरतो, तसा कुठलाही प्लग धरत नाही. जड ॲम्प्लिफायर सर्वांत खाली ठेवायचा, हेही याच हिशोबाचा भाग.

पूर्ण उघडणाऱ्या चॅनेलवरही रॅकची पाठ फक्त कपाटाच्या तोंडाशी येते, त्याच्या पुढे नाही. हात बाजूनेच घालावा लागतो. म्हणून रॅकच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या अर्ध्या भागात, वरच्या-खालच्या चॅनेलच्या मधे, मोठ्या खिडक्या कापल्या. विकतच्या काही रॅकमध्ये पुढे आल्यावर फिरणारी बैठक असते. ती उत्तम, पण आमच्या खोलीत ती फिरवायला जागा कोठून आणायची?

आता वायरी. सरकत्या रॅकमधले खरे काम हेच आहे आणि सुतारकामाच्या उत्साहात ते शेवटावर ढकलले जाते. रॅक ४५० मिमी पुढे येतो, म्हणजे भिंतीकडून येणाऱ्या प्रत्येक वायरीला तेवढी ढील हवी. आणि रॅक आत गेल्यावर ती ढील कुठे तरी शिस्तीत बसली पाहिजे. नुसती लोंबती ठेवली तर चॅनेलमध्ये किंवा रॅकमागे चिमटते. यासाठी यंत्रांवर वापरतात तशी प्लास्टिकची केबल साखळी घेतली. तिचे एक टोक रॅकला, दुसरे कपाटाच्या तळाला, सरकण्याच्या अंतराच्या बरोबर मध्यावर. अशा वेळी साखळीची लांबी सरकण्याचे अर्धे अंतर अधिक वळणाच्या त्रिज्येच्या ३.१४ पट लागते. ५५ मिमी त्रिज्येला २२५ अधिक १७३, म्हणजे सुमारे ४०० मिमी, आणि टोकांसाठी थोडी जास्त. वळणाची उंची दुप्पट त्रिज्या अधिक साखळीची जाडी, १४० मिमीच्या आसपास; म्हणून रॅक जमिनीपासून ६ इंच उचलून साखळी खालच्या पोकळीत ठेवली. साखळीच्या कड्या उघडणाऱ्याच घ्याव्यात, कारण बंद कडीतून एचडीएमआयचे डोके जात नाही. केबलही बारीक, ५ मिमीच्या आसपासची हवी. जाड केबल या वळणाला मान तुकवत नाही, आणि तुकवलीच तर काही महिन्यांनी चित्र अधूनमधून जायला लागते.

वायरी कमी करणे हा त्याहून चांगला उपाय. विजेची एकच तीन तारांची, दीड चौरस मिमीची वायर रॅकमध्ये आणली आणि बाकीचे प्लग रॅकवरच बसवलेल्या पट्टीत लावले. २३० व्होल्टला ६ ॲम्पिअर म्हणजे १३८० वॅट. घरच्या संचाला ते पुरतात. सगळ्या उपकरणांना एकच अर्थिंग मिळाल्याने स्पीकरमधली घूंघूंही टळते. ती टळली नाही तर आधी केबल टीव्हीची कोॲक्सियल वायर काढून पाहावी. तिच्या जाळीला इमारतीबाहेर कुठे तरी वेगळे अर्थिंग मिळालेले असते आणि दोन अर्थिंगमधल्या फरकातून ५० हर्ट्झचा आवाज शिरतो. वायर काढताच आवाज थांबला, तर तिच्यावर आयसोलेटर लावावा. साखळीत वीज आणि सिग्नलच्या वायरी कड्यांतल्या वेगळ्या कप्प्यांतून नेल्या.

उष्णतेसाठी ॲम्प्लिफायरवर दोन यू मोकळे सोडले, खालच्या पोकळीतून हवा आत घेतली आणि वर मागे १२० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा लावला. तो ९ व्होल्टवर चालवला की जवळजवळ ऐकू येत नाही. पुढे लाकडी दार लावले तर रिमोटचा इन्फ्रारेड किरण आत पोचत नाही. साधी काच मात्र तो जाऊ देते, म्हणून दार काचेचे आहे. चॅनेलला तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटते. कोरड्या फडक्याने पुसून थोडे पांढरे ग्रीस पुरते, आणि पावसाळा संपला की चॅनेलचे व चौकटीचे स्क्रू एकदा आवळून घ्यायचे.