घेण्याआधी विकून पाहा

कापूस जिनिंगला गेला आणि पैसे खात्यात आले की भडगावात दोन ठिकाणी हालचाल वाढते. सोन्याच्या दुकानांत, आणि चाळीसगाव-पाचोरा रस्त्याच्या कडेला लागलेल्या प्लॉटच्या फलकांखाली. दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा आमच्याकडचा जमीन घेण्याचा हंगाम. या दिवसांत माझ्या ऑफिसात येणारा माणूस बहुधा एकच कागद घेऊन येतो, ले-आउटचा रंगीत नकाशा. “आप्पा, पलाट लेवाना शे, जरासा कागदं देखी ल्या.” कागद कुठे आहेत विचारलं की तोच नकाशा पुन्हा पुढे सरकवतो.

मी दिवाणी वकील. कोर्टात जमिनीचे दावे आणि दुय्यम निबंधकांकडे सर्च, यातच माझा दिवस जातो. पहिल्यांदा जमिनीत पैसा घालणारे लोक मी जवळून पाहतो: सुरतेला मिलमध्ये राबून गावाकडे ‘काहीतरी असावं’ म्हणणारे, ग्रॅच्युइटी हातात आलेले निवृत्त शिक्षक, चाकणला कंपनीत लागलेली पोरं. सगळ्यांचा पहिला प्रश्न भाव वाढेल का, हा. मी उलट विचारतो: हाच प्लॉट तुम्ही विकायला काढलात, तर घेणाऱ्याचा वकील काय म्हणेल? पुण्यात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक मोजकी, आणि एकाला शंका आली की आठवडे बाजारापर्यंत सगळ्यांना कळतं. मग भाव कितीही वाढो, तो तुमच्यासाठी फलकावरच राहतो.

आधी थोडं गणित. समजा, दहा लाखांचा प्लॉट घेतला. तेवढीच रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत टाकली तर साधारण दहा वर्षांत दुप्पट होते. म्हणजे ठेवीची बरोबरी करायलाच प्लॉट दहा वर्षांनी वीस लाखांना जायला हवा. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, मोजणी, तारकुंपण आणि दलाली वेगळी. मोकळा प्लॉट भाडं देत नाही, उलट गाजरगवत देतो. हे ऐकून निम्मे लोक माझ्यावर नाराज होतात. उरलेल्यांसाठी मी सातबारा उघडतो.

डिजिटल सहीचा उतारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, पण तो वाचतो कोण? लोक आपल्या विक्रेत्याचं नाव शोधतात, सापडलं की कागद घडी घालतात. मी आधी इतर हक्काच्या रकान्यात जातो. तिथे विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला चार आणे हिस्सा असतो, ‘कु.का. कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो. हा शेरा म्हणजे जमीन कधीकाळी कुळाने कूळकायद्याखाली मिळवलेली आहे आणि तिच्या विक्रीला अटी आहेत. भोगवटादार वर्ग 2 दिसला तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मूळ मालक आदिवासी असेल तर नियम आणखी कडक. मग कंसातली नावं. कंस म्हणजे ते नाव कमी झालं. पण का कमी झालं हे त्या नावाशेजारच्या फेरफार नंबरात असतं. तो फेरफार काढायचा, त्यातला मागचा काढायचा, असं मागे मागे जात तीस वर्षं तरी गाठायची. सोबत निबंधक कार्यालयातली सूची-2 ताडून पाहायची. कंटाळवाणं काम आहे. जमिनीतला नफा मात्र बहुतेक वेळा इथेच ठरतो.

या कंसांत मला सर्वांत जास्त भेटतात त्या बहिणी. वडील गेले, तलाठ्याकडे वारस नोंद झाली, भावांची नावं लागली आणि पारोळ्याला, अमळनेरला दिलेल्या बहिणींची नावं राहून गेली, किंवा साध्या जबाबावर कमी झाली. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. “बहिणींची काही हरकत नाही” हे विक्रेता छातीवर हात ठेवून सांगतो. हरकत नसेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र दाखवा, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या घ्या. रक्षाबंधनाला ओवाळणारी बहीण दाव्यात वादी म्हणून उभी राहते, तेव्हा तिचं चुकलेलं नसतं. घेणाऱ्याच्या घाईचं चुकलेलं असतं.

दुसरा धोका म्हणजे गुंठ्याचा तुकडा. शेतातून दोन-तीन गुंठे काढून द्यायचे आणि लिहून द्यायची नोटरी. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली 2023 पासून आपल्याकडे प्रमाणभूत, म्हणजे विकता येणारं किमान, क्षेत्र जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे आहे. जुने व्यवहार नियमित करण्यासाठी भरायची रक्कम सरकारने 2024 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणली. त्यावरून ‘आता सगळं चालतं’ असा समज पसरला आहे. तो दलालांच्या सोयीचा आहे. आणि नोटरीचं म्हणाल तर, शंभराचा स्टॅम्प आता पाचशेचा झाला, ताकद मात्र तेवढीच: साठेखत असो की मुखत्यारपत्र, त्याने मालकी येत नाही. मालकी येते नोंदवलेल्या खरेदीखताने. शिवाय जो स्वतः शेतकरी नाही, त्याला कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही. सुरतेतल्या आपल्या माणसाच्या नावावर गावी उतारा नसेल तर त्याने आधी हे पाहावं.

म्हणून नवख्याला मी मंजूर ले-आउटमधला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट घ्यायला सांगतो, महाग वाटला तरी. ‘एन.ए. प्रस्तावित’ हे शब्द दिसले की फलक तिथेच वाचायचा थांबवावा. प्रस्ताव माझाही कशाचाही असू शकतो. नगर रचनेच्या मंजुरीचा क्रमांक मागावा, अंतिम मंजूर नकाशातली मोकळी जागा आणि रस्ते प्रत्यक्ष उभं राहून पाहावेत. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत आठांहून जास्त प्लॉट पाडले असतील तर महारेराची नोंदणी लागते, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही. मोबाइल त्यावर धरला की कळतं काय ते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा नगरपरिषदेची घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, कर आकारल्याचा किंवा भरल्याचा आहे. हे मी दर आठवड्याला सांगतो.

गिरणाकाठच्या स्वस्त जागेचा मोह सुटत नाही. 1872 च्या सप्टेंबरात गिरणेच्या महापुराने भडगावातली शेकडो घरं नेली, अशी नोंद जुन्या खानदेश गॅझेटियरात आहे. 1969 मध्ये वर गिरणा धरण झालं, त्यामुळे हे विसरणं सोपं झालं. पण धरण भरलं की दरवाजे उघडतात. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळायची नाही, आणि बांधता न येणारा प्लॉट विकत घेणारा तुमच्यानंतर दुसरा कोण सापडणार?

पैशाचं एकच सांगतो. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि ‘कागदावर कमी, हातात जास्त’ या पद्धतीचा चटका देणाऱ्याला विकताना बसतो. खरेदी कमी दाखवलेली असते, त्यामुळे नफा फुगतो आणि कर त्या फुगलेल्या नफ्यावर लागतो. 23 जुलै 2024 पासून दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या जमिनीच्या नफ्यावर 12.5 टक्के, महागाई निर्देशांकाची सूट न देता. त्याआधीच्या खरेदीला निवासी व्यक्तीसाठी जुन्या पद्धतीचा पर्याय आहे.

ज्याच्याकडे लाखभरच आहे त्याने गुंठ्याच्या मागे लागू नये. शेअर बाजारात आरईआयटी नावाचे न्यास आहेत. ते मोठ्या शहरांतल्या कार्यालयीन इमारतींच्या भाड्यातला वाटा देतात. पहिला न्यास एम्बसीचा, तो 2019 मध्ये सूचीबद्ध झाला, आणि 2021 पासून एक युनिटसुद्धा घेता येतं. त्यात भाव खाली येतोच, पण विकायला बहिणीची सही लागत नाही. आमच्या तालुक्यात हे सांगितलं की लोक हसतात, “हाई दिसस का, आप्पा?” म्हणतात. नाही दिसत, खरं आहे.

खरेदीखत झाल्यावरची आणखी एक गोष्ट. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. ती मुदत संपून नोंद प्रमाणित होईपर्यंत तलाठ्याकडे जात राहा. नंतर भूमि अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यांना हजर ठेवा, ‘क’ प्रत घ्या आणि खुणांवर त्याच दिवशी दगड गाडा. पुढच्या पावसाळ्यात बांध कोणाच्या बाजूने सरकतो ते मग बघता येतं.