दाराला बँकेचे कुलूप

उसाला पाणी किती आणि केळीला खत केव्हा, हे सांगण्यात माझी उभी नोकरी गेली. आज मात्र माझ्या एका चुकीची हकीकत सांगावयाची आहे.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमाकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. त्यात घर गेलेल्या एका कुटुंबाने पुढे उसाच्या पैशातून बिनशेती जागेवर स्लॅबचे घर बांधले. थोरल्या मुलाने ठिबकच्या सामानाचे दुकान काढले, तेव्हा ते घर बँकेला गहाण दिले. उधारी गावात अडकली, दुकान बसले, हप्ते थकले.

एके दिवशी घरधनी बांधावर म्हणाले, "साहेब, बँकेची नोटीस आली आहे. काय करावे?" मी पाकीट न उघडताच बोललो, "अहो, शेतजमिनीला बँक हात लावू शकत नाही, कायदाच आहे तसा." त्यांना धीर आला. नोटीस देव्हाऱ्यामागे गेली.

माझे बोलणे अर्धेच खरे होते. २००२ च्या सरफेसी कायद्यात शेतजमिनीला सूट आहे, घराला नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मुरगूडच्या एका बँकेच्या खटल्यात दिला. शिवाय सहकार कायद्याने वसुली निघाली, तर जमिनीवरही जप्ती येऊ शकते.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीताकडे जाते. मग ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. आम्ही हे दिवस गप्प बसून घालवले. पुढे दारावर कागद चिकटला, वर्तमानपत्रात ताब्याची जाहिरात आली, आणि शेवटी पंचनामा होऊन कुलूप व मोहोर लागली. कुटुंब शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले.

ताब्यातले घर बँकेने शहाण्या मालकासारखे सांभाळावे, असा नियम आहे. ती मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवते आणि ३० दिवसांची नोटीस देऊन लिलाव करते. खर्च कर्जदाराच्या माथी पडतो, वर उरेल ते त्याला परत मिळते. पण आपल्या गावात शेजाऱ्याच्या घरावर बोली कोण लावणार? लिलावाला कोणी आले नाही. दोन पावसाळे घर बंद राहिले. स्लॅब गळू लागला, चौकटींना वाळवी लागली. घराची किंमत उतरत होती आणि व्याज चढत होते.

म्हातारी आई मला म्हणाली, "पहिलं घर धरणात गेलं, तवा सगळं गाव संगं हुतं. ह्ये आमचं एकट्याचं गेलं, बाबा." मला मान वर करवेना.

गिऱ्हाईक नव्हते म्हणून बँक एकरकमी तडजोडीला तयार झाली. दोन एकर विकून कुलूप निघाले. पहिल्या नोटिशीलाच गेलो असतो, तर एवढी जमीन गेली नसती. बँकेला घरात राहायचे नसते, तिला पैसे हवे असतात. म्हणून बोलणे लवकर केलेले बरे.

तेव्हा नोटीस लपवू नका, त्यात लाज कसली? आल्याची तारीख लिहा, दिवस मोजा, शाखेत जा आणि बोलणे झाले ते लेखी घ्या. लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी सारी बाकी भरून घर सोडवता येते. ती निघाली की तो हक्क राहत नाही. कारवाई चुकीची वाटली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

पेरणीची तारीख आपण चुकवत नाही, तशी हीही चुकवू नका. आणि मीही आता कोणी कागद दाखवला, की आधी चष्मा लावतो, शेवटपर्यंत वाचतो, मगच बोलतो.