पेंचचा अंधार आणि आमच्या वस्तीचा दिवा

गेल्या माघ अमावास्येच्या सुमारास आम्ही वस्तीतील सतरा जण पेंचच्या जंगलाला एका रात्रीच्या मुक्कामासाठी जाऊन आलो. पाच महिला, चार शाळकरी मुले आणि बाकी आम्ही नोकरदार. सहल म्हटली की आपल्याकडे अजिंठा-वेरूळ नाहीतर बोधगया ठरलेली, आणि जंगल म्हटले की वाघ ठरलेला. आम्ही मात्र चाललो होतो ते तारे पाहायला.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला. रात्रीचे आकाश काळोखे राखणारे उद्यान, असा त्याचा साधा अर्थ. हा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे उद्यान आहे. नागपूरच्या माणसाला सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणची ही गोष्ट आपण पाहिलेली नसावी, हे मनाला लागले आणि बेत ठरला. आठवीतल्या एका मुलीने गच्चीवरून मोजलेले तारे हेही एक निमित्त होते. शाळेत आकाशगंगेचा धडा झाला म्हणून ती रात्री गच्चीवर गेली आणि अकरा तारे मोजून खाली आली. "आकाशगंगा पुस्तकातच असते का?" असे तिने विचारले. आमच्यापैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही.

मंडळाच्या बैठकीत बेत सांगितला तेव्हा सारी वस्ती जिला आत्या म्हणते त्या सत्तरीच्या बाईंनी आम्हाला तिथल्या तिथे अडवले. "अंधार पाहाले पैसे देऊन कायले जाता बाप्पा? आमची अर्धी जिनगानी अंधारात गेली. थो काय पाहाची वस्तू हाय?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आत्याच्या माहेरी वीज आली तेव्हा तारा देवळापर्यंत येऊन थांबल्या होत्या. आपल्या मोहल्ल्यात पहिला खांब उभा राहायला पुढे कित्येक वर्षे गेली. शहरात आल्यावरही तीच तऱ्हा. नाल्याकाठच्या गल्लीतून बायका रात्री एकट्या जात नसत. एक शेजारीण उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन जायबंदी झाली. आम्ही कारकुनी करणारी माणसे, अर्ज लिहिणे एवढेच हत्यार हाती. दिव्यासाठी चौदा अर्ज दिले, दोनदा मोर्चा नेला. शेवटी चौकात हायमास्ट उभा राहिला. त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले गेले.

त्यानंतरची गोष्ट आम्ही कधी उघडपणे बोललो नाही. त्या दिव्याचा झोत समोरच्या रांगेतील घरांत थेट अंथरुणापर्यंत येतो. लोकांनी खिडक्यांना जुनी फ्लेक्सची कापडे बांधली आहेत, तान्ही मुले रात्री किरकिर करतात. आणि ज्या गल्लीसाठी एवढे भांडलो ती नाल्याकाठची गल्ली घरांच्या आड येत असल्याने अजून अंधारातच आहे. उलट चौकातल्या झगझगाटातून गल्लीत शिरले की काही क्षण काहीच दिसत नाही. पण मागून मिळालेल्या दिव्याबद्दल तक्रार कशी करायची? लोक म्हणतील, यांना दिले तरी कटकट. म्हणून आम्ही गप्प होतो.

आत्याला आम्ही एवढेच म्हटले, "तू चल. नाही पटले तर तिथेच बोल." ती आली.

कामठी, कन्हान, मनसर असा हा रस्ता. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सात, आताचा चव्वेचाळीस. मनसरला टेकडीवर उत्खननात निघालेले प्राचीन अवशेष आहेत, तिथे घटकाभर थांबलो. पुढे पवनी लागते. स्तूपांची पवनी ती भंडारा जिल्ह्यातली; ही वेगळी. आमच्यातील दोघांची गफलत इथेच दूर झाली. पवनीहून आत वळले की सागाची झाडे दोन्ही बाजूंनी रस्त्याला खेटतात. चारच्या सुमारास सिल्लारीला पोहोचलो. १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाचे हे एक प्रवेशद्वार.

दिवस मावळला आणि गावातले दिवे लागले. सुरुवातीला ते आमच्या लक्षातच आले नाहीत. आपल्याकडे दिवे लागले की आधी दिवा दिसतो, मग रस्ता. इथे आधी रस्ता दिसला. खडी, शेणाचा पो, कोंबड्यांचे खुराडे, सारे स्वच्छ दिसत होते, पण उजेड कुठून येतो ते मान वर केल्याशिवाय कळत नव्हते. दिव्याचे तोंड सरळ जमिनीकडे होते. उजेड खांबाभोवती एखाद्या चटईसारखा पसरला होता आणि चटईच्या कडेला संपत होता. घरांच्या भिंती, झाडांचे शेंडे, वरचे आकाश यांवर त्याचा थेंबही सांडत नव्हता.

सोबतच्या वाटाड्या मुलाने सांगितले, की सिल्लारी, पिपरिया, खापा अशा बफर क्षेत्रातील गावांमधले शंभराहून अधिक रस्त्यावरचे व सार्वजनिक दिवे बदलून त्यांच्या जागी असे खाली पाहणारे दिवे लावले आहेत. तलावाकाठचा एक मनोरा तारे पाहण्यासाठीच राखलेला आहे. आम्हाला मनोऱ्यापेक्षा दिव्यांचीच चौकशी अधिक करायची होती. चहाच्या टपरीवरील बाईंना आम्ही विचारले, "दिवे काढायला आले तेव्हा तुम्ही विरोध नाही केला?"

"काढले असते तर आम्हीच आडवे झालो असतो," त्या म्हणाल्या. "हे जंगल हाय. रातच्याला साप निंगते, जनावर येते. पण काढले कोठी? मान खाली घातली त्याईची. आता पायाखालचं दिसते अन् घरात झोपही येते."

आत्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. कपाळावर हात धरून तिने वर पाहिले, मग हात काढून पाहिले. "डोये दिपत नाई," एवढेच बोलली.

तिचे म्हणणे अगदी शास्त्राला धरून होते. समोरून तीव्र झोत आला की डोळ्याची बाहुली आकसते आणि सावलीतले काहीच दिसेनासे होते. चोराला किंवा छेड काढणाऱ्याला दडायला अशीच सावली लागते. म्हणजे अधिक उजेड म्हणजे अधिक सुरक्षा, हे गणित नेहमी बरोबर येत नाही. उजेड कुठे पडतो आणि डोळ्यांत किती जातो, हे पाहावे लागते.

रात्री जेवणे झाल्यावर मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या. सगळ्यांचे मोबाईल बंद करून घेतले. बॅटरीवर पतंगाचा लाल कागद बांधला, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ती मिनिटे मुलांना फार जड गेली. मग हळूहळू एकेकजण गप्प होत गेला.

डोक्यावर मृग नक्षत्र, त्याच्या पोटातले तीन तारे, त्यांच्या रेषेत खाली झळझळणारा व्याध, पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका. एवढे आम्ही शहरातूनही ओळखतो. पण त्यांच्या मधल्या ज्या जागा आम्ही रिकाम्या समजत होतो त्या ताऱ्यांनी गच्च भरलेल्या होत्या. अशा आकाशात उघड्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. अकरा तारे मोजणाऱ्या आमच्या मुलीने मोजायचा नाद सोडून दिला. मृगाच्या पूर्वेकडून वायव्येला शर्मिष्ठेपर्यंत धुरकट पट्टा गेलेला होता. "हा ढग आहे का?" तिने विचारले. वाटाड्या म्हणाला, "हीच आकाशगंगा. पहाटे उठाल तर याहून ठसठशीत भाग दिसेल." पहाटे पाचला आम्ही उठलो. दक्षिणेला विंचवाची नांगी आणि तिच्याजवळून वर चढलेला तो दुधाळ पट्टा पाहिला. सतरापैकी बाराजणांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

रात्री नऊनंतर ईशान्येला सप्तर्षी वर आले तेव्हा आत्या एकदम बोलू लागली. "ते सप्तर्षी तुमच्या पुस्तकातले. आमच्यात ती म्हातारीची बाज. चार खुरं पाय. अन् मागचे तीन चोर, बाज चोराले आलेले. म्हातारी झोपत नाई म्हणून चोराईले बाज नेता येत नाई." वाटाड्या गोंड समाजाचा होता. तो हसला, त्याच्या आजीनेही हीच गोष्ट सांगितली होती. आत्याच्या लहानपणी घरात घड्याळ नव्हते, रोवणीला जायची वेळ ताऱ्यांवरून ठरे. ज्या अंधाराला ती इतकी वर्षे शिव्या देत आली त्याच अंधारात शिकलेली ही विद्या होती, आणि तिच्या नातवंडांना ती दाखवायची सोय शहरात उरली नव्हती.

त्याच वेळी दक्षिणेकडे क्षितिजावर एक फिकट पिवळसर घुमट दिसत होता. पहाट व्हायला अवकाश होता, चंद्र नव्हता. तो आमच्या नागपूरचा उजेड होता. इतक्या कोसांवरून आमची वाया गेलेली वीज आम्हीच पाहत होतो. रस्त्यावर पडलेला उजेड एवढ्या दूर दिसत नाही. दिसतो तो प्रामुख्याने आकाशात फेकलेला. त्यासाठी कुठेतरी कोळसा जळतो, कुणाच्या तरी घरावर राख पडते आणि बिल करदात्याच्या पैशातून भरले जाते.

हा प्रश्न आपल्या एका शहराचा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. झोतांमुळे किडे दिव्याभोवती फिरून मरतात, रात्री प्रवास करणारे पक्षी वाट चुकतात. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिल्ले उजळ क्षितिजाकडे जातात. समुद्राऐवजी वस्तीचे दिवे उजळ असले तर ती जमिनीकडे वळून मरतात. माणसाच्या झोपेचे चक्रही रात्रीच्या उजेडाने बिघडते. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या शहराने १९५८ सालीच सर्चलाईटवर निर्बंध घातले. लडाखमधील हानले या गावाभोवतीचा प्रदेश २०२२ मध्ये काळोख्या आकाशासाठी राखीव झाला. तिथली माणसे खिडक्यांना जाड पडदे लावतात आणि येणाऱ्यांना दुर्बिणीतून तारे दाखवून चार पैसे मिळवतात.

परतीच्या गाडीत आत्या आम्हाला म्हणाली, "आपल्या चौकातल्या दिव्याची मान काऊन नाई घालत कोणी खाली?" सहलीचे सार त्या एका वाक्यात आले. आपला झगडा उजेडासाठी होता आणि तो खराच होता. त्यातला एकही अर्ज मागे घ्यायचा नाही. पण आपल्याला दिवा मिळाला तो मोजून मिळाला, विचार करून मिळाला नाही. चांगल्या वसाहतींना आखणी मिळते आणि आपल्याला खांब मिळतो. तेव्हा पुढचा अर्ज उजेड नीट देण्यासाठी करायचा.

घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बी.कॉम. झालेल्या माणसाला दुसरे काय येणार? हायमास्टवर २०० वॅटचे चार दिवे, म्हणजे ८०० वॅट. रात्री सरासरी ११ तास धरले तर ८.८ युनिट. त्याऐवजी चौक आणि नाल्याकाठची गल्ली मिळून ३० वॅटचे बारा खाली तोंड केलेले दिवे लावले तर ३६० वॅट, म्हणजे ३.९६ युनिट. रोजची बचत ४.८४ युनिट, वर्षाची सुमारे १,७६६ युनिट. शिवाय आज अंधारात असलेली गल्ली उजळेल.

अर्जात आम्ही पाचच मागण्या लिहिल्या. दिवा जिथे गरज आहे तिथे असावा. त्याचे तोंड जमिनीकडे असावे, वरून झाकण असावे. उजेड लागेल तेवढाच असावा. मध्यरात्रीनंतर वर्दळ नसेल तिथे तो मंद करण्याची सोय असावी. आणि रंग पिवळसर असावा. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो, तो ३००० किंवा त्याखाली पाहावा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. तो हवेत अधिक विखुरतो आणि झोपेलाही अधिक बाधतो.

अर्जाची आवक झाली, शिक्का मिळाला. महिन्याभराने एक लाईनमन आला आणि त्याने हायमास्टवरील घरांच्या बाजूचे दोन दिवे पान्याने खाली वळवून दिले. त्यासाठी निविदा लागली नाही की निधी लागला नाही. समोरच्या रांगेतील तीन घरांनी फ्लेक्सची कापडे सोडली. गल्लीच्या बारा दिव्यांचा कागद अजून फिरतो आहे. आम्ही दर सोमवारी विचारायला जातो.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीतील खांबाखाली एकदा उभे राहून वर पाहा. दिव्याचा गोळा थेट डोळ्यांत येत असेल तर त्याची मान चुकलेली आहे असे समजा आणि तसा अर्ज द्या. विहाराच्या, समाजमंदिराच्या बाहेर नवा दिवा घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. जयंतीला वस्ती उजळलीच पाहिजे. पण मिरवणूक संपल्यावर आकाशात फिरणारे शार्पी दिवे आणि रिकाम्या मंडपाचे झोत बंद करायला एक कार्यकर्ता नेमा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांजवळ मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेते, ती चांदण्यावरच. माणसाच्या डोळ्याला केवढ्या उजेडात दिसते, हे आपण विसरलो आहोत.

पेंचला जायचे असेल तर अमावास्येच्या आसपास जा, थंडीचे कपडे घ्या, बॅटरीला लाल कागद बांधा. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्याच. तारे दाखवायला आमच्या उपयोगी पडली ती आत्याच.